पकडीचं मेण

मागच्या शनिवारी आस्लॉग मागे घसरली. पडली नाही, नुसती स्कीवर मागे घसरली. लिआनच्या ट्राम थांब्याच्या वर जो पहिला चढ लागतो, चार वर्षांची पोरंही जो गाणी म्हणत चढतात, तिथे तिने डावा पाय दाबून उजवा पुढे टाकला आणि पुढे जायच्या ऐवजी ती हातभर मागे आली. पुन्हा दाबला, पुन्हा मागे. काठ्यांवर भार देऊन ती तशीच उभी राहिली, आणि घसरगाडीत मूल बसवून ओढत नेणारा एक तरुण बाप तिच्या बाजूने वर गेला. "मेण लावायला विसरलात वाटतं," तो म्हणाला, अगदी चांगुलपणाने. "हो, विसरले," ती म्हणाली. पण ती विसरली नव्हती. स्कीच्या तळव्याला पकडीचं मेण लावावं लागतं, नाहीतर चढावर ती बर्फ धरत नाही, हे तिला ठाऊक होतं, जसं ट्रामला वीज लागते हे ठाऊक असतं. लावायचं कुणी, हा प्रश्न त्रेसष्ट वर्षांत तिच्यासमोर कधी आला नव्हता. माहेरी, ओप्दालला, बाबा गोठ्यात दिवा लावून सगळ्यांच्या स्की घासायचे. लग्न होऊन ट्रॉनहाइमला आल्यावर येर्मुन घासायचा. रविवारी सकाळी स्की दाराशी उभ्या असायच्या. एप्रिलमध्ये तो सगळं जुनं मेण खरवडून, तळवे पुसून, दोन्ही जोड्या बांधून तळघरात ठेवायचा. या जानेवारीत तिने तळघरातून आपली जोडी काढली, ती तशीच कोरी होती, आणि कोऱ्या स्की घालून ती चढावर गेली. घरी येताना ट्रामच्या काचेत तिला आपलं तोंड दिसलं, लाल झालेलं. थंडीनेही झालं असेल. नगरपालिकेच्या नकाशाखात्यात एकतीस वर्षं काढली होती तिने. गाडीची चाकं बदलता येत होती, कराचे कागद भरता येत होते, तीन महिन्यांपासून एका उंच्यापुऱ्या पुरुषाला आंघोळ घालता येत होती. आणि एका पोराच्या बापाने तिला सांगितलं होतं की ती विसरली.

आज शनिवार होता आणि तिच्या हातात तीन तास होते. शनिवारी अकरा ते दोन यूहान्ने यायची, घरी येऊन आजाऱ्यांकडे बघणाऱ्या मुलींपैकी एक, पंचविशीतली, गोल चेहऱ्याची. तेवढे तीन तास आस्लॉगचे. दुकान, टपाल, केस कापणं, सगळं त्यातच बसवायचं. आज तिने काहीही बसवायचं नाही असं ठरवलं होतं. मेण लावायचं, ट्राम पकडायची, वर जायचं, दीड तास एकटीने चालायचं, परत यायचं. दहालाच तिने इस्त्रीचं टेबल स्वयंपाकघरात उघडलं, त्यावर जुनी चादर टाकली आणि स्की आडव्या, तळवे वर करून ठेवल्या. येर्मुनची मेणाची पेटी शेजारच्या खुर्चीवर. खिडकीबाहेरचा तापमापक शून्याच्या रेघेवर होता. ना खाली ना वर. पेटीत निळ्या, जांभळ्या, लाल झाकणांच्या डब्या होत्या, नळ्या होत्या, मेण घासून पसरायचे बुचाचे ठोकळे होते, आणि कुठे काही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे डब्यांवर आकडे होते, उणे दोन ते उणे आठ वगैरे, पण शून्य अंशावर तीन डब्या हक्क सांगत होत्या आणि एक नळीही. येर्मुनने कधी एक ओळ लिहून ठेवली नव्हती. "लिहायचं काय त्यात, डोक्यात आहे सगळं," म्हणायचा. आता ते सगळं खरोखरच डोक्यात होतं.

ऑक्टोबरात त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, तो काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागला. पण बोलणं गेलं ते गेलंच. दोन शब्द तेवढे राहिले. तसं नाही. पावाला लोणी लावून दिलं, तसं नाही. खिडकी उघडू का, तसं नाही. मुलीचा फोन आला तर फोनलाही तसं नाही. बोलायला शिकवणारी बाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "शब्दांकडे लक्ष देऊ नका, ते आपोआप निघतात. त्यांचा चेहरा बघा, हात बघा." आस्लॉगने मान हलवली होती. पण दिवसातून साठ वेळा नवऱ्याच्या तोंडून तसं नाही, तसं नाही ऐकायचं आणि ते आपोआप निघतं असं स्वतःला साठ वेळा सांगायचं, हे त्या बाईला कुठे करायचं होतं. आस्लॉगला कधी कधी वाटायचं की इतकी वर्षं त्याच्या मनात एवढंच होतं, बाकीचे शब्द वरवरचे होते, ते गळून गेले आणि हे उरले.

तिने इंगविलला फोन लावला. मुलगी ओस्लोला असते, तिचा नवरा डोंगरातला, त्याला कळत असेल. नवरा घरात नव्हता. "आई, तू अजून त्या मेणाच्याच स्की वापरतेस?" इंगविल म्हणाली. "खाली केसाळ पट्टीवाल्या घे ना. आमचं सगळं ऑफिस तेच वापरतं. पायात घालायच्या आणि निघायचं."

"मला नकोत त्या."

"का पण?"

"हळू जातात."

इंगविल हसली. "आई, तू त्रेसष्ट वर्षांची आहेस. तुला पोचायचंय कुठे?"

आस्लॉगने, दूध उतू जातंय, असं सांगून फोन ठेवला. दूध खरंच चुलीवर होतं, शनिवारच्या तांदळाच्या खिरीचं, पण ते उतू जात नव्हतं. हळू, तिच्या मनात आलं. हा शब्द आपल्या तोंडून इतका पटकन कसा आला. येर्मुन खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता आणि इस्त्रीच्या टेबलाकडे बघत होता. सकाळपासून तो त्या टेबलाकडेच बघत होता.

अकराला यूहान्ने आली, बूट काढता काढता म्हणाली, "कसला वास येतोय, डांबर?" आणि टेबल बघून तिने दोन्ही हात वर केले. "मला काही विचारू नका हं. मी बर्गनची, बारा महिने पाऊस. आम्हाला फक्त छत्र्या कळतात." तिच्या मागोमाग दार उघडंच राहिलं होतं म्हणून तळमजल्यावरचे ओड्वार डोकावले. ऐंशी वर्षांचे, पायात सपाता. वास त्यांनाही आल्याशिवाय राहिला नव्हता. "शून्याला जांभळं," ते दारातूनच म्हणाले. "शून्याला नेहमी जांभळं. रेडिओवर काय वाटेल ते सांगू देत."

"मग जांभळं लावते."

"थांब. रात्री नवा बर्फ पडलाय." ते खिडकी उघडून कठड्यावरचा बर्फ मुठीत दाबून बघू लागले. "ओला आहे. लाल लाव. पण वर गेलीस की नव्याखाली जुना आहे, घासून घासून काच झालेला. तिथे लाल टिकणार नाही. तिथे नळीतलं."

"म्हणजे लावू काय?"

"ते पायाखालीच कळतं ग," ओड्वार म्हणाले, आणि मग माणूस बहिरा असल्यासारखं येर्मुनकडे वळून मोठ्याने, "काय रे येर्मुन, बायको तुझी गादी घ्यायला निघाली."

"तसं नाही," येर्मुन म्हणाला.

"बघ. अजून मालक तोच." ओड्वार खूश होऊन गेले.

तिने जांभळं लावलं. बुचाने घासलं. मेण पसरायच्या ऐवजी गोळे होऊन राहिलं, कारण घर गरम होतं आणि स्की गरम होत्या, हे तिला नंतर सुचलं. खरवडून काढलं. लाल लावलं, ते बोटांना लागलं तेवढं तळव्याला लागलं नाही. साडेअकरा. मग तिने नळी घेतली, ते चिकट मेण ज्याला सगळे शिव्या देऊनच हात लावतात. केस वाळवायच्या यंत्राने नळी गरम करून पिळली, तर मधासारखी तार निघाली आणि चादरीला, बाहीला, टेबलाच्या पायाला, फोनला लागत गेली. एक हात दुसऱ्यापासून सोडवायला तिसरा लागावा अशी अवस्था. "तसं नाही," येर्मुन म्हणाला. ती पसरत राहिली. "तसं नाही. तसं नाही." तो काठी टेकत उठला होता, डावा हात पुढे करून. यूहान्ने त्याच्या मागे गेली. "बसा ना, खीर खाऊ या आपण, दालचिनी घालून," ती म्हणत होती. "तसं नाही," तो टेबलाकडे बघून म्हणत होता, आणि तो मेणाबद्दल बोलत होता की खिरीबद्दल की नुसतंच, हे कुणी सांगावं. आस्लॉगला रडायला आलं नाही. तिला काहीतरी फेकावंसं वाटलं, आणि हातात जे होतं ते फेकता येत नव्हतं, कारण ते हाताला चिकटलं होतं.

मग ती बोलली. बोलायचं ठरवलं नव्हतं. "माझ्या स्की हळू का करायचास तू?" ती म्हणाली. यूहान्नेने दोघांकडे पाहिलं आणि पातेलं घेऊन उगीचच बाहेरच्या खोलीत गेली. बारा वर्षं हा प्रश्न आस्लॉगपाशी होता. बारा वर्षांपूर्वी नकाशाखात्याची सहल निघाली होती आणि ऐनवेळी तिच्या स्कीचा बूट अडकवायचा खटका तुटला, म्हणून तिने खात्यातल्या बोरगुनच्या घेतल्या, तेवढ्याच लांबीच्या. पहिल्याच उतारावर ती इतकी पुढे गेली की मागून कुणीतरी हाक मारली. तोंडावर वारा येत होता आणि तिला ओप्दालची पाच किलोमीटरची शर्यत आठवली, चौदा वर्षांची होती, दुसरी आली होती, शेवटच्या वळणावर तिने डोळे मिटले होते. मला हे येत होतं, तिला वाटलं. घरी आल्यावर तिने येर्मुनच्या आणि आपल्या स्कीचे तळवे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्याच्या पकडीच्या मेणाचा पट्टा टाचेपासून पुढे दोन वितींचा. तिचा जवळजवळ चार वितींचा, आणि जाड. एवढं मेण लावलं की कुठल्याही चढावर माणूस मागे येत नाही आणि कुठल्याही उतारावर पळत नाही. इतकी वर्षं ती त्याच्या मागे मागे चालत होती, तो वळणावर थांबून संत्रं सोलत तिची वाट बघायचा, आणि ती पोचली की म्हणायचा, "सावकाश ये, घाई नाही." तिला वाटायचं आपलं वय, आपलं वजन, आपले गुडघे. तेव्हाही तिने विचारलं नाही. रविवारी सकाळी पुन्हा स्की दाराशी तयार होत्या, आणि तयार स्की हातात देणाऱ्या माणसाला असं कसं विचारायचं. इंगविल पोटात असताना ती एकदा उतारावर स्कीवरून पडली होती, जानेवारीत, पाचवा महिना. काही झालं नाही, पण त्यानंतर येर्मुननेच ठरवलं होतं की ही घाबरट आहे, हिला जपायला हवं. ठरवलं आणि लावत राहिला. चौतीस हिवाळे.

"सांग ना," ती म्हणाली. "मला न विचारता का ठरवलंस?"

"तसं नाही," येर्मुन म्हणाला.

त्याचा चेहरा बघ, हात बघ. चेहरा अर्धा हलत होता, अर्धा नाही. हात मात्र पेटीकडे गेला. त्याने डाव्या हाताने लाल डबी काढली, दातांनी झाकण उडवलं, आणि ज्या स्कीला अजून नळीतलं लागलं नव्हतं तिच्यावर वाकला. पोटाने स्की टेबलाला दाबून धरली आणि मेण घासायला लागला, लहान लहान फटक्यांनी, पातळ. मग बूच. मग पुन्हा मेण. ती बघत राहिली. टाचेपासून निघाला, एक वीत, दोन विती, आणि थांबला नाही. तीन. चार. घाम त्याच्या कपाळावर आला होता. पुरा एक थर लावून तो मागे टेकला आणि तिच्याकडे असं बघू लागला की कुणाही बाईला वाटावं, काहीतरी छान केलंय याने माझ्यासाठी. दुसऱ्या स्कीवरचं चिकट मेण तिने रॉकेलने पुसून काढलं, बाहेर गच्चीत नेऊन स्की थंड केली, आणि त्याचंच लाल मेण, त्याच्यासारखंच लहान फटक्यांनी, दोन विती लावलं. एक बोटही जास्त नाही. साडेबारा वाजले होते. खीर यूहान्ने त्याला भरवत होती. "येते मी," आस्लॉग म्हणाली. कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं.

चढावर तिच्या लक्षात आलं की तिने काय करून ठेवलंय. डाव्या पायात येर्मुनने घासलेली स्की होती आणि उजव्यात तिने घासलेली. डावा पाय दाबला की धरायचा, पक्का, भिंतीसारखा. उजवा दाबला की अर्धा धरायचा आणि अर्धा सुटायचा. चालीला लय येईना. ती लंगडणाऱ्या माणसासारखी वर गेली. दोन म्हाताऱ्या बायका बोलत बोलत तिला मागे टाकून गेल्या, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या तरी घटस्फोटाबद्दल सांगत होती. सपाटीवर डावी स्की मागे राहायची आणि उजवी पळायची, कंबर वाकडी व्हायला लागली. बाजूला होऊन खरवडावं, तिला वाटलं, पण खरवडणी घरी टेबलावर होती. घड्याळात एक वाजून दहा. जमलेला दिवस असता तर एव्हाना ती तळ्यापलीकडे असती. चिडून ती पुटपुटत होती, कुणाशी बोलतेय म्हणून एका माणसाने वळूनही पाहिलं. साधी गोष्ट होती, दीड तास चालायचं होतं, तेवढंही या माणसाने तिला धड मिळू दिलं नव्हतं, आणि त्यातला अर्धा दोष तिचा होता, नेमका अर्धा, उजव्या पायातला.

तळ्याच्या अलीकडे परतीची वाट उतरते. लांब उतार आहे, शेवटी डावं वळण. तिने थांबायला हवं होतं. पण आज ती हळू जाणार नव्हती. गुडघे वाकवून तिने स्वतःला सोडलं, भार सगळा उजव्या पायावर घेतला, डावा नुसता टेकवला. स्की निघाली. झाडं निघाली. वारा कानात आला, हेच, हेच ते, तिला वाटलं, आणि मग वळण दिसलं. आनंद तिथेच संपला. गुडघे आपोआप ताठ झाले, दात एकमेकांवर बसले, आणि चौदा वर्षांची मुलगी कुठेच नव्हती. ती वळणाच्या आधीच बाजूच्या बर्फात बसली, बसली म्हणजे आपटली, कमरेपर्यंत आत गेली. लागलं नाही. काठ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. ती तशीच बसून होती, धापा टाकत, आणि तिला खोली आठवली. हॉस्पिटलातली, हिरवट भिंत, बाहेर उजाडलेलं. रात्रभर पोटाला कान लावून नर्सेस ऐकत होत्या आणि सकाळी म्हणाल्या होत्या की ठोके नीट आहेत. येर्मुन कानटोपी हातात घेऊन पलंगाशी बसला होता, सव्वीस वर्षांचा, दाढी वाढलेली. तिने त्याचा हात धरला होता आणि ती म्हणाली होती, पुन्हा कधी माझ्या स्की अशा पळू देऊ नकोस. कधीच. शब्द दे मला. तो म्हणाला होता, बरं. एवढंच. हे ती विसरली होती असं नाही. ते कुठेतरी होतं. फक्त मधल्या वर्षांत ते त्याच्या तोंडचं झालं होतं. पळू देणार नाही असं तो म्हणाल्याचं तिला आठवत होतं. शपथेवर सांगितलं असतं तिने. एक मुलगा तिच्याहून थोडा खाली येऊन थांबला, म्हणाला, "ठीक आहात ना?" ती म्हणाली, "ठीक आहे," आणि तो गेल्यावरही बराच वेळ उठली नाही.

ती घरी पोचली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. यूहान्ने बूट घालून दारात उभी होती, पुढच्या घरी उशीर होत होता, पण ती एवढंच म्हणाली, "खाल्लं नीट. खीर दोनदा घेतली." दार लागलं. आस्लॉग ओल्या कपड्यांनीच येर्मुनच्या समोरच्या खुर्चीत बसली. तो तिच्या पायांकडे बघत होता, मग तोंडाकडे.

"मीच सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "हॉस्पिटलात. मीच म्हणाले होते, पळू देऊ नकोस."

त्याने तोंड उघडलं. जीभ वर गेलेली तिला दिसली. ती त्या दोन शब्दांसाठी तयार झाली, मनात म्हणालीसुद्धा, आपोआप निघतात, आपोआप. पण त्याने तोंड मिटलं. ओठ एकमेकांवर दाबून धरले, इतके की हनुवटी थरथरली, आणि काही आलं नाही. हो म्हणायला त्याच्यापाशी शब्द नव्हता. न बोलणं तेवढं होतं. की तो थकला होता नुसता, सकाळी एवढा वेळ उभा राहिल्याने. हात बघा, बाई म्हणाली होती. हात मांडीवर पडला होता, काही सांगत नव्हता.

"पण तू विचारायचंस ना मधे एकदा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा चढला, तिला चढू द्यायचा नव्हता तरी. "दहा वर्षांनी. वीस वर्षांनी. एक रविवार विचारायचंस, आता सोडू का म्हणून. मी काय त्या पलंगावरच होते का चौतीस वर्षं?"

आणि मी, तिला वाटलं, बारा वर्षं. दोघांना बोलता येत होतं तेव्हा. शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. "उद्या फोन करून इंगविलला बोलावून बघते," ती म्हणाली, साध्या आवाजात. "आली तर मी जाईन. दोन्हींना आखूड लावीन. भीती वाटली तर वाटली." त्याचे ओठ अजून दाबलेले होते. आता त्याने काहीही म्हटलं असतं तर चाललं असतं तिला, अगदी काहीही. अडीच वाजता त्याच्या गोळ्या होत्या. तिने घड्याळ पाहिलं, आणि ओल्या मोज्यांनी तशीच बसून राहिली, त्याच्या तोंडाकडे बघत.